एमॉस अलोंझो स्टॅग : नेमणूकपत्रापासून वाचायची कारकीर्द

एका तरुण सहकाऱ्याने प्रश्न विचारला आहे. ते नुकतेच एका ग्रामीण महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झाले असून, क्रीडा प्रशिक्षणाच्या इतिहासावर व्याख्यान तयार करताना त्यांना अमेरिकेतील एमॉस अलोंझो स्टॅग हे नाव वारंवार भेटले. हा माणूस सत्तावन्न हंगाम मुख्य प्रशिक्षक होता आणि अमेरिकन फुटबॉलमधील निम्म्या युक्त्या त्यानेच शोधल्या असे सगळीकडे लिहिलेले आहे. तेव्हा यात खरे किती, आख्यायिका किती, आणि इतकी लांब कारकीर्द मुळात घडली कशी, असे त्यांनी विचारले आहे. वरिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे कबड्डी आणि मैदानी खेळांचे संघ सांभाळताना माझे या माणसाकडे पुन्हा पुन्हा लक्ष गेले, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

स्टॅग यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या शोधांपासून किंवा विजयांच्या आकड्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ही कारकीर्द कळायची असेल तर १८९२ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना कोणत्या अटींवर नेमले, तेथून सुरुवात करावी लागते. त्यांचे यश, त्यांच्यावर आलेले आक्षेप आणि शेवटी झालेली सक्तीची निवृत्ती, या तिन्ही गोष्टींची मुळे त्या नेमणुकीत आहेत. पण तेथे पोहोचण्याआधी माणूस कोठून आला ते पाहू.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे झाला. वडील चांभारकाम करीत आणि घरची परिस्थिती हातातोंडाची गाठ पडेल इतपतच होती. धर्मोपदेशक व्हायचे मनात धरून ते येल विद्यापीठात गेले, १८८८ मध्ये पदवीधर झाले आणि पुढे तेथेच धर्मशास्त्राच्या अभ्यासाला लागले. या काळात त्यांचे नाव झाले ते मात्र बेसबॉलमध्ये, चेंडूफेक करणारा खेळाडू म्हणून. व्यावसायिक संघांनी त्यांना मोठ्या रकमा देऊ केल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या. त्या काळच्या व्यावसायिक बेसबॉलभोवती दारू आणि जुगार यांचा वावर होता आणि तो त्यांना मानवणारा नव्हता. फुटबॉलमध्येही ते येलकडून टोकाच्या जागी खेळत. १८८९ साली देशातील महाविद्यालयीन खेळाडूंचा जो पहिला ‘अखिल अमेरिकन’ संघ कागदावर निवडला गेला, त्यात त्यांचे नाव होते. त्यांची उंची बेताची, अंगकाठीही बेताचीच होती, हे येथे लक्षात ठेवावे.

धर्मोपदेशक होण्याचा बेत फसला, कारण त्यांना व्यासपीठावर बोलता येत नसे. मैदानावर शेकडो लोकांसमोर निर्धास्तपणे चेंडू फेकणारा हा तरुण प्रवचनाला उभा राहिला की अडखळत असे. आपल्या क्षेत्रातील कितीतरी उत्तम मार्गदर्शकांची हीच गत असते. वार्षिक स्नेहसंमेलनात अहवाल वाचायला सांगितला की त्यांना घाम फुटतो. स्टॅग यांनी यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्या काळाच्या मानाने धाडसी होता: तरुणांना वळण लावण्याचे जे काम चर्चमध्ये उभे राहून जमत नाही, ते मैदानावर करता येईल. १८९० मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि तेथील फुटबॉल संघाचे मार्गदर्शक झाले.

स्प्रिंगफील्डच्या त्या संघात मधल्या जागी खेळणारा एक कॅनेडियन विद्यार्थी होता, जेम्स नेस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये याच नेस्मिथ यांनी बास्केटबॉलची रचना केली, आणि ११ मार्च १८९२ रोजी विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला, तेव्हा शिक्षकांच्या बाजूने स्टॅग खेळले. विद्यार्थी ५–१ असे जिंकले आणि शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा होता. याच संस्थेतून शिकलेले हॅरी क्रो बक पुढे भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू केले. मुंबई प्रांताची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८ सालची, म्हणजे त्यानंतरची. आपण बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, शिकलो त्या अभ्यासक्रमाच्या घडणीत स्प्रिंगफील्डचा वाटा आहे, एवढा आपला आणि स्टॅग यांचा दूरचा गोत्रसंबंध.

आता मुख्य मुद्दा. शिकागो विद्यापीठ तेव्हा उभे राहत होते. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये स्टॅग यांचे शिक्षक होते. नव्या विद्यापीठाला नाव हवे, विद्यार्थी हवेत, देणग्या हव्यात, आणि वर्तमानपत्रांतून नाव गाजवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता फुटबॉलमधून जातो, हे हार्पर यांनी फार लवकर ओळखले. त्यांनी स्टॅग यांना बोलावले. पगाराचा आकडा वाढत वाढत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत गेला. पण पैशापेक्षा महत्त्वाचे होते ते पद. शारीरिक शिक्षण आणि क्रीडा विभागाचे संचालक, सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा आणि नोकरीची कायमस्वरूपी शाश्वती. फुटबॉलच्या मार्गदर्शकाला प्राध्यापकवर्गात असे स्थान मिळाल्याचे हे अमेरिकेतील पहिले उदाहरण मानले जाते.

याचे मोल समजण्यासाठी इतरत्र काय चालत असे ते पाहावे. बहुतेक महाविद्यालयांत फुटबॉल विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या ताब्यात होता. कर्णधार हाच प्रमुख असे, एखादा माजी खेळाडू शरद ऋतूत दोन-तीन महिने येऊन सराव घेई आणि हंगाम संपला की मानधन घेऊन जाई. एक सामना हरला की पुढच्या वर्षी दुसरा माणूस. अशा व्यवस्थेत कोणीही मार्गदर्शक पाच वर्षांपुढचा विचार करू शकत नाही. तो पुढच्या शनिवारचा विचार करतो.

आपल्याकडे शारीरिक शिक्षण संचालकाला शिक्षकाच्या बरोबरीची वेतनश्रेणी असते, ती कागदावर असते आणि पगारातही असते. पण ती दर्जाच्या रूपाने महाविद्यालयाच्या दारातून आत यायला किती वर्षे लागतात हे प्रश्नकर्त्यांना लवकरच कळेल. मी ज्या महाविद्यालयात प्रथम लागलो तेथे अभ्यास मंडळाच्या बैठकीचे पत्र मला चार वर्षे आलेच नाही, आणि विचारले तेव्हा कार्यालयातून “सर, तुमचे मैदान आहे ना” असे उत्तर मिळाले. म्हणून १८९२ च्या त्या पत्राकडे मी जरा अधिक आस्थेने पाहतो.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि जवळजवळ त्याच क्षणी सरावही. खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळे पहिल्या हंगामात तीस वर्षांचे स्टॅग स्वतः संघातून खेळले. तेव्हाचे नियम त्याला आड येत नव्हते. १८९४ च्या डिसेंबरात त्यांनी संघाला रेल्वेने थेट कॅलिफोर्नियात नेले आणि नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टॅनफर्डला हरवले. आज विद्यापीठ संघाचा दुसऱ्या विभागातील प्रवास मंजूर करून घेताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांनी या दौऱ्याचा हिशोब कोणी केला असेल असा विचार करावा. तो स्टॅग यांनीच केला. सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न त्यांच्या विभागाच्या हाती असे आणि त्यावर विद्यापीठाच्या लेखाविभागापेक्षा त्यांचाच शब्द चालत असे. वैयक्तिक व्यवहारात ते अत्यंत काटकसरी आणि नेक होते. परंतु स्वतंत्र खजिना असलेला विभाग म्हणजे विद्यापीठात दुसरे विद्यापीठ, आणि हेही त्या नेमणुकीचेच फलित होते.

शोधांविषयी. अमेरिकन फुटबॉल आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेला नसतो, म्हणून एवढे सांगतो की चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून जमिनीवर पाडणे हा त्याचा प्राण आहे. कबड्डीतील पकड आणि कुस्तीतील पट यांचे त्यात काहीसे मिश्रण आहे. पूर्वी हा सराव खेळाडू एकमेकांवरच करीत आणि सामन्याआधीच निम्मा संघ लंगडत असे. स्टॅग यांनी येलमध्ये असतानाच, १८८९ च्या सुमारास, गादी गुंडाळून टांगली आणि मुलांना तिच्यावर झेप घ्यायला लावली. पाडण्याच्या सरावाचा पुतळा म्हणून पुढे जो जगभर वापरला गेला त्याचे हे मूळ. यात यंत्र काहीच नाही. पण गादीला दुखत नाही आणि ती संकोच करीत नाही, त्यामुळे मुलगा पूर्ण ताकदीने खांदा घालतो, एकाच बाजूने पन्नास वेळा घालतो आणि त्याची डोके खाली नेण्याची वाईट सवय मार्गदर्शकाला बाजूला उभे राहून दिसते. आम्ही फाटलेल्या जिम्नॅस्टिक मॅटची वळकटी झाडाला टांगून कबड्डीच्या कंबरपकडीचा सराव घेत असू, तेव्हा ही कल्पना कोणाची हे मला ठाऊकही नव्हते. चांगल्या साधनाची हीच खूण असते की ते पुन्हा पुन्हा नव्याने सुचते.

बेसबॉलच्या फटकेबाजीच्या सरावासाठी जाळीचा पिंजरा, चेंडू एका खेळाडूच्या हातून उलट दिशेने पळणाऱ्या दुसऱ्याकडे सोपवून बचाव फसवण्याच्या चाली, चाल सुरू होण्याआधी एका खेळाडूला आडवे धावायला लावणे, गोलखांबांना मऊ आवरण, पाठीवर क्रमांक, उत्तम खेळाडूंना विद्यापीठाच्या आद्याक्षराचा मान, अशा कितीतरी गोष्टी त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. यांतील काही निश्चित त्यांच्या, काहींमध्ये ते पहिल्या काही जणांपैकी एक, आणि काहींवर दुसऱ्यांचाही तितकाच सबळ दावा आहे. उदाहरणार्थ, चाल ठरवण्यासाठी खेळाडूंनी डोकी जवळ आणून घोळका करणे ही पद्धत वॉशिंग्टनच्या गॅलाडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातून आली असे मानणारे पुष्कळ आहेत. हातवाऱ्यांची भाषा प्रतिस्पर्ध्यांना दिसू नये म्हणून तेथील मुले घोळका करीत, आणि हे कारण इतके स्वाभाविक आहे की मला तरी ते अधिक पटते. पुढच्या दिशेने चेंडू फेकण्याची मुभा १९०६ मध्ये मिळाल्यावर पहिली कायदेशीर फेक सेंट लुईस विद्यापीठाच्या संघाने केली, स्टॅग यांच्या संघाने नव्हे. स्टॅग यांचा खरा वाटा वेगळ्या प्रकारचा आहे. ते १९०४ पासून १९३२ पर्यंत नियम समितीवर होते, प्रत्येक नियमबदल त्यांना आधी कळत असे आणि त्या बदलातून काय काय करता येईल याच्या आकृत्या ते वह्यांत काढून ठेवीत. चाळीस वर्षे एकाच जागी बसून, एकाच खेळाच्या नोंदी ठेवणारा दुसरा माणूस तेव्हा नव्हता.

स्वभावाने ते कडक होते. तंबाखू नाही, मद्य नाही, शिवीगाळ नाही. रागाची परमावधी झाली की ते खेळाडूला गाढव म्हणत. त्याहून मोठ्या चुकीला दुप्पट गाढव आणि क्वचित तिप्पट गाढव. ही पदवी न मिळालेला खेळाडू शिकागोत विरळा. हर्बर्ट क्रिसलर नावाचा एक मुलगा सरावात चेंडू वारंवार सोडू लागला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितले की तुझ्या आडनावासारखेच नाव असलेला एक थोर व्हायोलिनवादक आहे. तुझे त्याच्याशी काडीचेही साम्य नाही, म्हणून आजपासून तुला त्याचेच नाव. त्या वादकाचे नाव फ्रिट्झ क्राइस्लर. हा फ्रिट्झ क्रिसलर पुढे मिशिगनचा नामांकित प्रशिक्षक झाला आणि ते टोपणनाव जन्मभर त्याला चिकटले. पाठीच्या दुखण्याने उभे राहणे कठीण झाले तेव्हा स्टॅग विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारीत बसून सरावभर मैदानात फिरत. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार नव्हे, कारण ती गाडी खेळाडूंच्या इतकी जवळ येई की मुलांना तिलाच चुकवावे लागे. पत्नी स्टेला यांच्याशी त्यांचे लग्न १८९४ मध्ये झाले. स्टेला सामन्यांच्या तक्त्यांपासून प्रतिस्पर्ध्यांच्या टेहळणीपर्यंत अनेक कामांत बरोबरीने असत.

त्यांच्या कारकिर्दीतील एकच दुपार निवडायची तर मी ३० नोव्हेंबर १९०५ ची निवडीन. मिशिगनचा संघ १९०१ पासून सलग छप्पन्न सामने हरला नव्हता. त्यांतील पंचावन्न जिंकलेले आणि एक बरोबरीत सुटलेला. शिकागोच्या मैदानावर सुमारे सत्तावीस हजार लोक जमले होते. उत्तरार्धापर्यंत दोन्ही बाजूंची पाटी कोरी होती. अशा वेळी शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलने चेंडू लांब उंच लाथाडला आणि तो मिशिगनच्या गोलरेषेच्या मागे जाऊन उतरला. तेथे मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो उचलला. तो तेथेच जमिनीला टेकवून चाल संपवण्याची सोय त्याला होती. त्याने पळायचे ठरवले. रेषा ओलांडून तो जेमतेम बाहेर आला असेल-नसेल तोच शिकागोच्या दोघांनी त्याला उचलून मागे नेले आणि रेषेच्या आत पाडले. स्वतःच्या गोलरेषेमागे पाडले गेले की प्रतिस्पर्ध्याला दोन गुण. सामना २–० असा संपला आणि मिशिगनची अपराजित मालिकाही. ज्या सामन्याने स्टॅग यांचे नाव देशभर केले त्यात त्यांच्या संघाने एकदाही गोलरेषा ओलांडली नव्हती. लाथाडण्याची अचूकता आणि तिच्यामागोमाग धावत जाणाऱ्या दोघांची शिस्त, एवढ्यावर तो निकाल लागला, आणि प्रशिक्षक म्हणून मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. क्लार्कला मात्र त्या क्षणाने आयुष्यभर सोडले नाही. १९३२ मध्ये त्याने आत्महत्या केली, तेव्हाही वर्तमानपत्रांना तीच धाव आठवली.

एकर्सॉलचे नाव आले म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण स्तुतिपर लेखांतून ती गळते. हा मुलगा विद्यापीठाशेजारच्या हाइड पार्क शाळेतला, विलक्षण गुणी, आणि त्याला दुसऱ्या विद्यापीठाने पळवू नये म्हणून शिकागोने जी धावपळ केली ती आजही वाचताना ओशाळे व्हायला होते. अभ्यासात त्याची प्रगती नाममात्र होती आणि पदवी त्याने कधीच घेतली नाही. खेळण्याची मुदत संपली तसा विद्यापीठाने त्याच्याशी संबंधही संपवला. स्टॅग १९०२ पासून देशभरातील शाळांच्या मैदानी स्पर्धा शिकागोत भरवीत. उद्देश चांगलाच होता, पण गुणी मुले हेरण्याचे त्याहून सोयीचे साधन दुसरे नव्हते. वैयक्तिक जीवनात चहाच्या पैशांचाही हिशोब ठेवणारा माणूस संघासाठी मात्र नियमांच्या फटी शोधतो, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. नियमित वर्गाला कधी न दिसणारा पदव्युत्तर विद्यार्थी आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या महिन्यात अचानक मैदानावर उगवतो, त्याच्या पात्रता अर्जावर आपणच सही करतो आणि ती करताना पेन क्षणभर थांबते. मी अशा सह्या केलेल्या आहेत. म्हणूनच स्टॅग यांना या बाबतीत मी संतही मानत नाही आणि ढोंगीही म्हणत नाही.

त्याच १९०५ च्या हंगामात फुटबॉलने देशभर अठरा तरुणांचा बळी घेतल्याची गणना एका शिकागोच्याच वर्तमानपत्राने छापली होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरातच हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून खेळ सुधारा असे बजावले होते. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि महाविद्यालयीन खेळांची जी राष्ट्रीय संघटना आज एन.सी.ए.ए. म्हणून ओळखली जाते तिचा पाया घातला गेला. पश्चिमेकडील विद्यापीठांच्या परिषदेने, जिला पुढे बिग टेन हे नाव पडले, जानेवारी १९०६ मध्ये स्वतःचे निर्बंध घातले: खेळाडूला तीनच वर्षे खेळता येईल, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संघात जागा नाही, हंगामात पाचच सामने, आणि प्रशिक्षक हा विद्यापीठाने नियमित रीतीने, माफक पगारावर नेमलेला असला पाहिजे. या शेवटच्या अटीने परिषदेतील अनेक संघांची पंचाईत झाली. स्टॅग यांना मात्र तिची झळ लागली नाही, कारण ते चौदा वर्षांपूर्वीपासून तसेच नेमलेले होते. ज्या महिन्यात हे घडले त्याच महिन्यात त्यांचे आश्रयदाते हार्पर वारले.

पुढची वीस वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत. परिषदेची सात विजेतेपदे शिकागोने मिळवली: १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४. मैदानाला स्टॅग यांचे नाव देण्यात आले. १९१० मध्ये शिकागोचा बेसबॉल संघ जपानला जाऊन तेथील विद्यापीठांशी खेळला. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीवर स्टॅग १९०६ पासून १९३२ पर्यंत होते. १९२२ मध्ये प्रिन्स्टनविरुद्धचा त्यांचा सामना रेडिओवरून दूरवर ऐकवला गेला. तो शिकागो १८–२१ असा हरले. १९२३ मध्ये त्यांनी व्यावसायिक फुटबॉलविरुद्ध जाहीर पत्रक काढले, आणि त्या लढाईत ते पूर्णपणे हरले हे आज कोणाला सांगायला नको.

१९२४ नंतर मात्र शिकागोची उतरण सुरू झाली. आजूबाजूची राज्य विद्यापीठे विद्यार्थीसंख्येने प्रचंड वाढली, त्यांनी अवाढव्य प्रेक्षागारे बांधली. शिकागो आकाराने लहान राहिले आणि त्याचा अभ्यासक्रम अधिकाधिक कठीण होत गेला. ज्याला दिवसाचे चार तास मैदानावर घालवायचे आहेत असा मुलगा तेथे प्रवेशच घेईनासा झाला. स्टॅग यांची पद्धत बदलली नव्हती, वह्या तशाच होत्या, पण वह्यांतील चाली खेळणारी मुले दुसरीकडे जात होती.

१९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. वय तीस, म्हणजे स्टॅग शिकागोत आले तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. विद्यापीठाच्या मोठेपणाला फुटबॉलची गरज आहे हे हार्पर यांचे गृहीतक त्यांना मुळीच मान्य नव्हते. १९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले आणि प्राध्यापकांना लागू असलेली सत्तरीची मर्यादा त्यांनाही लावण्यात आली. प्राध्यापक म्हणून मिळालेल्या शाश्वतीवर चाळीस वर्षे निभावली होती, आता प्राध्यापकांचाच नियम दारात उभा राहिला. त्यांना विद्यापीठाने दुसरे मानाचे काम देऊ केले होते. मैदान नसलेले काम त्यांना नको होते.

एकाहत्तराव्या वर्षी, १९३३ मध्ये, ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि तेथे चौदा हंगाम राहिले. प्रश्नकर्त्यांनी ज्या सत्तावन्न हंगामांचा उल्लेख केला आहे त्यांची बेरीज अशी: स्प्रिंगफील्डचे दोन, शिकागोचे एक्केचाळीस, पॅसिफिकचे चौदा. एकूण ३१४ विजय, १९९ पराभव, ३५ बरोबरी. हे आकडे एकत्र छापले की भव्य वाटतात, म्हणून मी ते नेहमी सुटे करून पाहतो. स्प्रिंगफील्डमध्ये १० विजय आणि ११ पराभव. शिकागोत २४४ विजय आणि १११ पराभव. पॅसिफिकमध्ये ६० विजय आणि ७७ पराभव. तिन्ही ठिकाणी माणूस तोच. ज्या संस्थेत त्याला दर्जा, पैसा आणि खेळाडू निवडायची मुभा होती, तेथेच त्याचे विजय पराभवांपेक्षा अधिक आहेत. जाता जाता हेही सांगतो की त्यांचे शिष्य नेस्मिथ यांनी स्वतः शोधलेल्या बास्केटबॉलचे कॅन्ससमध्ये मार्गदर्शन केले, तेव्हा ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. विजयांच्या टक्केवारीवरून माणूस तोलणाऱ्या प्राचार्यांना मी हे उदाहरण दोनदा ऐकवले आहे; उपयोग झाला नाही.

पॅसिफिकचे दोन प्रसंग विसरण्यासारखे नाहीत. १९३८ मध्ये स्टॅग आपला नवा संघ घेऊन शिकागोला गेले आणि स्वतःच्याच नावाच्या मैदानावर त्यांनी शिकागोला ३२–० असे हरवले. पुढच्या वर्षाअखेर विद्यापीठाने फुटबॉलच बंद करून टाकला. रिकाम्या पडलेल्या त्या मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. दुसरा प्रसंग १९४३ चा. युद्धकाळात नौदलाचे प्रशिक्षणार्थी पॅसिफिकमध्ये आले, संघाला अचानक चांगले खेळाडू मिळाले आणि त्या वर्षी प्रशिक्षकांच्या संघटनेने एक्क्याऐंशी वर्षांच्या स्टॅग यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवडले. खेळाडू मिळाले की विजय मिळतात, एवढे साधे गणित त्यातही आहे. पण ते मिळेपर्यंत दहा वर्षे रोज दुपारी मैदानावर जाणारा माणूस तेथे असावा लागतो.

१९४६ नंतरची वर्षे सत्तावन्नाच्या हिशोबात धरली जात नाहीत. १९४७ ते १९५२ ते पेनसिल्व्हेनियातील ससक्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीने संघ सांभाळत होते आणि १९५१ चा हंगाम त्यांनी अपराजित पार केला. पुढे स्टॉकटनला परतून तेथील दोन वर्षांच्या महाविद्यालयात मुलांना चेंडू लाथाडण्याचे तंत्र शिकवीत राहिले आणि १९६० मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, थांबले. १७ मार्च १९६५ रोजी स्टॉकटन येथे त्यांचे निधन झाले, वय १०२. फुटबॉलच्या मानवंदना दालनात (हॉल ऑफ फेम) १९५१ साली खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी आणि बास्केटबॉलच्या दालनात १९५९ साली त्यांचा समावेश झाला होता.

प्रश्नात शेवटी विचारले आहे की ३१४ विजयांचा आकडा पुढे कोणी ओलांडला. नोव्हेंबर १९८१ मध्ये अलाबामाचे पॉल ब्रायंट यांनी ऑबर्नला हरवून ३१५ वा विजय मिळवला, आणि तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी स्टॅग यांचे नाव पुन्हा छापले. ब्रायंट यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून सुरुवात केली ती १९४५ मध्ये, मेरीलँडला. त्या वर्षी आणि त्यापुढच्या वर्षी स्टॅगही स्टॉकटनच्या मैदानावर मुख्य प्रशिक्षक म्हणून उभे होते.